शिट्टी ऐकू न येणारा धावपटू

शाळेतली १०० मीटरची शर्यत आठवा. सर शिट्टी वाजवतात, मुलं सुटतात. एक मुलगा मात्र शेजारचा पळाला हे बघून मगच पाय उचलतो. तो मागे पडतो आणि आपण त्याच्या नावापुढे ‘साधारण’ लिहून मोकळे होतो. अहो, पण आपण पाय मोजले की कान?

माझगावच्या नेसबिट रोडवर कर्णबधिर मुलांची शाळा आहे. बिशप लिओ म्यूरिन यांनी ती १८८० च्या दशकात सुरू केली. देशातल्या अशा सगळ्यात जुन्या शाळांपैकी ती एक. म्हणजे या मुलांना शिकवणं मुंबईला नवं नाही. त्यांच्यातला खेळाडू वेळेवर हेरणं मात्र अजून आपल्या अंगवळणी पडलेलं नाही.

उपाय फार खर्चिक नाही. शिट्टीऐवजी झेंडा किंवा बॅटरीचा उजेड वापरा, आणि तो सगळ्याच मुलांसाठी. खाली वाकलेल्या मुलाला दिसेल असा इशारा समोर, जमिनीलगत हवा. डोक्यावर उंच धरलेला झेंडा त्याला दिसणारच नाही. डेफलिम्पिक्समध्ये लाल, पिवळा, हिरवा असे दिवे लावतात ते यासाठीच. एका धावेवर निकाल देऊ नका. चार-सहा आठवडे सराव द्या आणि वेळ किती सुधारली ते बघा.

पालकांचा इथे हमखास घोळ होतो. “सर, पॅरालिम्पिकला पाठवू या!” पण पॅरालिम्पिकमध्ये कर्णबधिरांसाठी वेगळा गट नाही. त्यांची स्पर्धा डेफलिम्पिक्स; पहिली १९२४ साली पॅरिसला झाली. तिथे चांगल्या कानातसुद्धा किमान ५५ डेसिबल श्रवणदोष असावा लागतो. त्यामुळे एकाच कानाने ऐकू न येणारं मूल त्यात बसत नाही. हे उशिरा कळलं तर मुलाची कितीतरी वर्षांची मेहनत वाया जाते.

खेळताना श्रवणयंत्रही काढून ठेवावं लागतं. रोज यंत्र लावून सराव केलेलं मूल ऐन स्पर्धेत एकदम शांततेत गेलं की बावरतं. तेव्हा आठवड्यातले काही दिवस यंत्राशिवाय सराव घ्या. प्रशिक्षकांनी हातवारे आधीच ठरवून ठेवावेत.

२०२५ च्या टोकियो डेफलिम्पिक्समध्ये महिलांच्या १० मीटर एअर पिस्तुलात आपल्या महाराष्ट्राच्या अनुया प्रसादने सुवर्ण आणि प्रांजली धुमाळने रौप्य जिंकलं. वर्गात हे जरूर सांगा. आणि हो, मुलाचा ऑडिओग्राम पी.टी.च्या सरांनाही दाखवा. बहुतेक घरी तो डॉक्टरांच्या फाइलमध्येच पडून असतो.