विश्लेषण : टर्मिनलमधून उघडलेला एडिटर बंद करताच फोटो कसे पुसले जातात?

भद्रावतीतला एखादा फोटो स्टुडिओ डोळ्यांसमोर आणा. लग्नसराई नुकतीच संपली आहे आणि संगणकाची डिस्क भरत आली आहे. मालकाचा कॉलेजात शिकणारा भाचा लिनक्सच्या टर्मिनलवर बसून कमांड लिहितो : 'लग्न जुने' या फोल्डरमधले फोटो बाहेरच्या हार्ड डिस्कवर कॉपी कर, नीट गेले का ते तपास आणि मग मूळ फोल्डर काढून टाक. कमांड तीन ओळींची होते. मध्येच कुठेतरी चूक दिसते, पण माउसने क्लिक करून तिथे जाता येत नाही. बाणाचे बटण दाबत बसावे लागते.

यावर जुना, पण नवख्यांना सहसा कुणी न सांगितलेला उपाय आहे. लिनक्सवर सर्रास वापरल्या जाणाऱ्या बॅश शेलमध्ये कंट्रोल दाबून एक्स आणि मग कंट्रोल दाबून ई दाबले, की अर्धवट लिहिलेली कमांड जशीच्या तशी एडिटरमध्ये उघडते. तिथे ओळी तोडता येतात, शोधता येते, शांतपणे वाचता येते.

कोणता एडिटर उघडतो?

बॅश आधी 'व्हिज्युअल' आणि मग 'एडिटर' या नावाची सेटिंग पाहते. ही नावे इंग्रजी मोठ्या अक्षरांत लिहायची असतात. दोन नावे का, याचे उत्तर जुन्या यंत्रांत आहे. कागदावर छापणाऱ्या टेलिटाइपवर एका वेळी एकच ओळ सुधारता येई. पडदे आल्यावर पूर्ण पान दाखवणारे एडिटर आले. बिल जॉय यांनी १९७६ मध्ये लिहिलेला 'व्हीआय' त्यातलाच. म्हणून ओळीच्या एडिटरसाठी एक नाव आणि पानाच्या एडिटरसाठी दुसरे. आज दोन्हींत 'नॅनो' लिहून ठेवले तरी चालते, आणि नवख्याने तेच करावे. व्हीआयच्या वंशातल्या 'व्हिम'मधून बाहेर कसे पडायचे, हा एका संकेतस्थळावरचा प्रश्न २०१७ पर्यंत दहा लाखांहून अधिक वेळा पाहिला गेला होता!

मग धोका कुठे?

बॅश ती ओळ एका तात्पुरत्या फाइलमध्ये लिहिते, एडिटर सुरू करते आणि तो बंद होण्याची वाट पाहते. बंद झाला, की फाइलमध्ये जे असेल ते लगेच चालवते. एंटर दाबण्याची गरजही नसते.

आता भाच्याकडे परत येऊ. एडिटरमध्ये त्याच्या लक्षात येते, की काढून टाकण्याच्या कमांडमध्ये 'लग्न जुने'भोवती अवतरणचिन्हे राहिली. मधल्या मोकळ्या जागेमुळे शेल त्याला दोन फोल्डर समजेल : 'लग्न' आणि 'जुने'. यंदाचे सगळे फोटो नेमके 'लग्न'मध्ये आहेत. तो घाबरून सेव्ह न करताच बाहेर पडतो. आपण रद्द केले, असे त्याला वाटते. पण फाइलमध्ये मूळची चुकीची ओळ तशीच होती, आणि तीच चालते. टर्मिनलवरून पुसलेली फाइल ट्रॅशमध्येही जात नाही.

खरे रद्द करायचे तर सगळा मजकूर पुसून रिकामी फाइल सेव्ह करावी. व्हिममध्ये कोलन, सी, क्यू लिहून एंटर दाबले, की एडिटर अपयशाचा संकेत देऊन बंद होतो आणि बॅश काहीच चालवत नाही. २०१९ पासून मॅकवर मुळातच येणाऱ्या झेडशेलची रीत अधिक शहाणी आहे : तिथे ही सोय आधी सुरू करून घ्यावी लागते, पण सुधारलेली ओळ प्रॉम्प्टवर परत येते आणि एंटर दाबेपर्यंत थांबते.

मराठी लिहिणाऱ्यांना आणखी एक अडचण येते. टर्मिनल अक्षरांना ठरावीक रुंदीचे चौकोन देतो, त्यामुळे अनेक ठिकाणी मात्रा आणि जोडाक्षरे विस्कटतात, कर्सर एकीकडे आणि अक्षर दुसरीकडे दिसते. 'गिट'मध्ये बदलाची नोंद मराठीत लिहायची असेल, तर खिडकीत उघडणारा एडिटर बरा. मात्र व्हीएस कोडसारखा एडिटर नेमताना त्याला 'वेट' हा पर्याय जोडावा लागतो. नाहीतर खिडकी उघडताक्षणी काम झाले असे गिट समजते आणि संदेश रिकामा आहे म्हणून नोंदच नाकारते.