नोंदींतील एकसूत्रता

एका नोंदवहीत ३-४-२०१६ ही तारीख ३ एप्रिल, तर दुसरीत ४ मार्च समजली गेली, तर पुढे दाखल्याच्या वेळी बालकाची अडवणूक होते. संगणकीय नोंदींत हा दोष टाळण्यासाठी रकान्याच्या प्रकाराची व्याख्या एकदाच करून तीच सर्व तक्त्यांत योजितात. एडगर कॉड यांनी १९७० साली अशा ग्राह्य मूल्यांच्या संचास ‘डोमेन’ म्हटले. उदाहरणार्थ, शाळेचा यूडायस क्रमांक ११ अंकी असतो. त्याची बेरीज-वजाबाकी कधी करावयाची नसते. म्हणून तो संख्या न मानता अक्षररूप मानावा. अन्यथा उत्तर प्रदेशाच्या ०९ मधील आरंभीचे शून्य गळून पडते. शिक्षकबंधुभगिनींनी प्रथम व्याख्या ठरवावी, मगच रकाने आखावेत.