नाचवणारा ठेका, मरणाची गोष्ट

व्हायलंट फेम्स या अमेरिकी बँडचा १९८४ सालचा ‘हॅलोड ग्राउंड’ हा अल्बम नांदेड जिल्ह्यातल्या भोकरच्या माणसाला परका वाटेल, पण पहिल्या दोन-चार मिनिटांपुरताच. मिलवॉकीच्या या तिघांनी पंकचा आडमुठेपणा अंगात मुरवून खेड्यातल्या जुन्या लोकगीतांचा बाज उचलला. सुरुवातीच्याच गाण्यात एक बाप पोटच्या पोरीला अथांग खड्ड्यात ढकलतो आणि मग स्वतः गळफास घेतो. ऐकताना अंगावर काटा येतो, तरी पाय ठेका धरतातच. हे साधतं कसं, ते आपल्या वाद्यांवरून लवकर उमगतं.

आधी हलगी घ्या. लोखंडी कड्यावर कातडं ताणलेलं असतं. वाजवण्याआधी पाचट, कागद, जे हाती लागेल ते पेटवून ती जाळावर शेकतात. कातड्यातली ओल गेली की ते ताणतं आणि आवाज टणक होतो. हवा दमट असली की थोड्या वेळाने पुन्हा शेकायची. डाव्या हाताने कडं धरून त्याच हातात बारीक काडी, उजव्यात जाड टिपरू. टिपरू घाव घालतं, काडी मधल्या जागा कडकडाटाने भरून काढते. सतारीसारखी आस इथे नाही. घाव पडला की संपला. म्हणूनच हलगीवरचं गाणं गळा काढत नाही. भोकरहून पूर्वेला भैंशाकडे, तेलंगणात उतरलं की हेच घराणं डप्पू म्हणून भेटतं. फेम्सचा व्हिक्टर डिलोरेंझोही ड्रमचा मोठा संच न मांडता मोजक्याच वाद्यांवर, बरेचदा उभ्यानेच, ब्रशने वाजवायचा. लंडनच्या द पोग्ज या बँडमधला स्पायडर स्टेसी तर बिअरचा ट्रे स्वतःच्या डोक्यावर आपटून ताल द्यायचा. पोतराज उघड्या अंगावर आसूड ओढतो, तेव्हा त्या फटक्याचाही ताल होतोच. फरक इतकाच की त्यावर त्याची चूल पेटायची.

दुसरी गोष्ट तुणतुण्याची. एक तार, एक सूर. गोष्ट कुठेही जावो, तो जागचा हलत नाही. माहूरच्या रेणुकेला आणि तुळजापूरच्या भवानीला नावानिशी बोलावून गोंधळी आख्यान लावतो, तेव्हा संबळ चढत जातो, तुणतुणं मात्र तसंच. कान त्या एका सुराला बांधला जातो आणि रात्र सरते. मुख्य गोंधळी सांगतो, साथीदार मधेच प्रश्न टाकतो, टर उडवतो. या टवाळीमुळे आख्यानातला पुढचा वध जास्त लागतो. सगळंच गंभीर ठेवलं तर माणसं पेंगतील.

या साच्यात आजचं मरण भरलं की जलसा होतो. आपल्या नांदेड जिल्ह्यात त्यासाठी लांब जायला नको. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतरावरून १९७८ साली झालेल्या हल्ल्यांत टेंभुर्णीचे पोचिराम कांबळे मारले गेले. १९९३ मध्ये गौतम वाघमारे यांनी नांदेडात स्वतःला जाळून घेतलं. नामविस्तार झाला तो १४ जानेवारी १९९४ ला. अशी नावं शाहीर आडपडदा न ठेवता घेतो. गाव, माणूस, काय झालं. विशेषणं फार लागत नाहीत. मुख्य गायक ओळ टाकतो, कोरस ती उचलतो, आणि एकाचं म्हणणं दहाजणांचं होतं. कोरस सफाईदार नसला तरी चालतं. उलट थोडा खरखरीत असलेलाच बरा. पंकवाले हेच म्हणत: तीन कॉर्ड येतात ना, मग व्हा उभे.

मुंबईचे शाहीर विलास घोगरे याच वाटेने गायले. ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहाजण गेले आणि काही दिवसांतच घोगऱ्यांनी आत्महत्या केली. आनंद पटवर्धनांचा ‘जय भीम कॉम्रेड’ (२०११) तिथून सुरू होतो.

चैतन्य ताम्हाणेंच्या ‘कोर्ट’ (२०१४) या चित्रपटात वीरा साथीदारांनी उभा केलेला वयस्क शाहीर स्टेजवर गातो, त्या गाण्यांमागे संभाजी भगत आहेत. ती ऐकताना आधी फक्त ठेका ऐका, दुसऱ्या खेपेला फक्त कोरस, शब्द त्यानंतर. चित्रपटातल्या त्या शाहिरावर खटला भरला जातो तो एका सफाई कामगाराला गाण्यातून आत्महत्येला चिथावल्याचा.