ट्रायकोमोनास संसर्ग : शरीर लढते, तरी आजार का टिकतो?

‘अंगावरून पांढरे जाते’ ही तक्रार स्त्रिया बहुधा दबक्या आवाजात सांगतात आणि कित्येक जणी ती सांगतच नाहीत. अशा स्रावाची कारणे अनेक आहेत. त्यांपैकी एक म्हणजे ट्रायकोमोनास व्हजायनॅलिस या परजीवीचा संसर्ग होय. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० या वर्षात १५ ते ४९ वर्षे वयाच्या सुमारे १५ कोटी ६० लाख स्त्री-पुरुषांना हा संसर्ग नव्याने झाला. औषधाने पूर्ण बऱ्या होणाऱ्या चार प्रमुख लैंगिक आजारांमध्ये ही संख्या सर्वाधिक आहे.

फ्रेंच वैद्य आल्फ्रेड दोने यांनी १८३६ मध्ये हा एकपेशीय जीव प्रथम सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. चाबकासारख्या बारीक कशाभिकांच्या साहाय्याने तो हालचाल करतो. त्याचा प्रसार मुख्यतः लैंगिक संबंधातून होतो. पिवळसर-हिरवट, फेसाळ व दुर्गंधीयुक्त स्राव, खाज आणि लघवीच्या वेळी जळजळ ही त्याची लक्षणे होत. मात्र बहुसंख्य बाधितांमध्ये, विशेषतः पुरुषांमध्ये, कोणतेही लक्षण दिसत नाही.

निरोगी योनीमार्गात लॅक्टोबॅसिलस नावाचे उपकारक जीवाणू लॅक्टिक आम्ल तयार करतात. हे आम्ल संरक्षणाची पहिली फळी असते. संसर्ग झालेल्या अनेक स्त्रियांमध्ये या जीवाणूंची संख्या घटते आणि आम्लता कमी होते. परजीवी योनीच्या आतील पेशींना चिकटला की त्या पेशी रासायनिक संदेश सोडतात. इंटरल्युकिन-८ हा त्यांतील एक महत्त्वाचा संदेश. तो मिळताच न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी मोठ्या संख्येने तेथे धाव घेतात. या पेशी परजीवीला घेरून त्याचे लचके तोडतात व त्याला ठार करतात, असे २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगशाळेतील संशोधनात दिसून आले. बाधित स्त्रीच्या रक्तात आणि योनीस्रावात परजीवीविरोधी प्रतिपिंडेही आढळतात.

एवढी सिद्धता असूनही शरीराला निर्णायक विजय मिळत नाही. याचे एक कारण परजीवीच्या विकरांमध्ये आहे. प्रथिने तोडणारी ही विकरे प्रतिपिंडांचे तुकडे करतात आणि रक्तातील ‘पूरक’ नावाची संरक्षक प्रथिनेही निकामी करतात. मासिक पाळीच्या रक्तातील लोह परजीवीच्या वाढीस उपयोगी पडते. शिवाय काही परजीवींच्या पोटात एक विषाणू वास करतो आणि त्याच्यामुळे दाह आणखी वाढू शकतो. परिणामी उपचाराविना हा संसर्ग महिनोन्‌महिने राहू शकतो.

त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की गोवर एकदा होऊन गेल्यावर जशी दीर्घकाळ टिकणारी प्रतिकारशक्ती मिळते, तशी ती येथे मिळत नाही. बरी झालेली स्त्री पुन्हा बाधित होऊ शकते. मानवासाठी या आजाराची लसही अद्याप उपलब्ध नाही.

शरीराच्या या झुंजीची किंमतही स्त्रीलाच मोजावी लागते. सततच्या दाहामुळे योनीचे आवरण दुबळे होते व त्यावर सूक्ष्म रक्तस्राव होतात. प्रतिकारासाठी तेथे जमणाऱ्या पेशींमध्ये सीडी-४ पेशीही असतात आणि एचआयव्ही विषाणू नेमक्या याच पेशींना लक्ष्य करतो. म्हणूनच ट्रायकोमोनास असलेल्या स्त्रियांना एचआयव्ही संसर्गाचा धोका सुमारे दीडपट असल्याचे अनेक अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणातून दिसले आहे. गर्भवतींमध्ये या संसर्गाचा संबंध मुदतपूर्व प्रसूती व कमी वजनाच्या बाळाशी आढळला आहे.

दिलाशाची बाब ही, की मेट्रोनिडाझोल किंवा त्याच वर्गातील सेक्निडाझोल या औषधाने हा आजार बरा होतो. मात्र केवळ पत्नीने औषध घेऊन भागत नाही. पतीला काहीही त्रास नसला तरी त्यालाही त्याच वेळी उपचार आवश्यक असतात, अन्यथा संसर्ग पुन्हा परततो. दोघांचे उपचार पूर्ण होईपर्यंत संबंध टाळावेत, असा सल्ला दिला जातो. अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये उपचारानंतर तीन महिन्यांनी स्त्रियांची फेरतपासणी करण्याची शिफारस आहे.

आपल्या देशात राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमांतर्गत सरकारी रुग्णालयांतील ‘सुरक्षा क्लिनिक’मध्ये लैंगिक आजारांवर मोफत उपचार केले जातात आणि रुग्णाची माहिती गोपनीय ठेवली जाते. स्राव का होतो याचे निदान लक्षणांवरून स्वतःच करणे योग्य नव्हे. आजार आपोआप जाईल या आशेवर राहण्यापेक्षा वेळीच तपासणी करून घेणे हेच श्रेयस्कर. येथे एकट्या शरीराची लढाई पुरेशी पडत नाही, आणि औषधाचा उपयोगही दोघांनी मिळून घेतल्यावरच होतो.