अकरावीला राज्यशास्त्र घेताय? सुट्टीतच सुरुवात करा

दहावीचा शेवटचा पेपर झाला की पापडीतल्या आपल्या मुलांना घरोघरी एकच प्रश्न विचारला जातो : सायन्स की कॉमर्स? कला शाखा म्हणजे कमी टक्केवाल्यांची आणि राज्यशास्त्र म्हणजे गाईड वाचून पास व्हायचा विषय, हा समज आपल्याच वस्त्यांत घट्ट बसला आहे. ज्या समाजाचे हक्क संविधानाच्या कलमांवर उभे आहेत, त्याला हा समज परवडणारा नाही, असे आम्हाला वाटते.

दहावीत निवडणूक प्रक्रिया, राजकीय पक्ष, चळवळी यांची माहिती होती. अकरावीत संकल्पना येतात : राज्य, स्वातंत्र्य आणि हक्क, समता आणि न्याय, प्रतिनिधित्व. इथे पाठांतर अपुरे पडते. कायद्यापुढे सगळे समान, मग कलम १६(४) खालचे आरक्षण समतेच्या विरोधात का नाही? याचे उत्तर स्वतःच्या शब्दांत, पाच-सहा ओळींत लिहिता येते का, हे सुट्टीतच तपासून पाहा. (चर्चेत आपण सगळेच हुशार असतो, कागदावर अडखळतो.)

बालभारतीच्या संकेतस्थळावर अकरावीचे पुस्तक मोफत आहे. त्यातले प्रतिनिधित्वाचे प्रकरण वाचताना बाबासाहेबांनी १९१९ मध्ये साउथबरो समितीपुढे दिलेली साक्ष शेजारी ठेवा. अस्पृश्यांच्या वतीने दुसऱ्यांनी बोलणे पुरेसे नाही, त्यांचे प्रतिनिधी त्यांच्यातलेच हवेत, ही मांडणी त्यात आहे. इंग्रजी समग्र वाङ्मयाच्या पहिल्या खंडात ती सापडेल. भाषा जड आहे, म्हणून कार्यकर्त्यांनी मुलांसोबत बसून रोज दोन पाने वाचावीत. विहारात वर्ग घ्यायला यापेक्षा चांगले निमित्त कोणते?

आणि उदाहरण शोधायला लांब जाऊ नका. चार नगरपरिषदा आणि आसपासची गावे मिळून २००९ मध्ये वसई-विरार महापालिका झाली. काही गावांनी तिला विरोध केला, वाद न्यायालयात गेला. पुढे २०२० मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि काही वर्षे कारभार प्रशासकाच्या हाती राहिला. मुदत संपण्याआधी निवडणूक पूर्ण व्हावी, असे ७४ वी घटनादुरुस्ती सांगते. मग त्या काळात आपल्या गल्लीतल्या तुंबलेल्या गटाराची तक्रार कोणाकडे होत होती, आणि त्या माणसाला मत देऊन बदलता येत होते का? मोठ्यांना विचारा, तारखांसह वहीत उतरवा. अंतर्गत मूल्यमापनाच्या २० गुणांसाठी प्रकल्प करावा लागेल, तेव्हा हीच वही उघडा.