दोन नावांमधली छोटी रेघ

१९७५ साल. अण्णा गुलमंडीवरून सायकलनं छावणीमार्गे पडेगावला घरी आले, ते कॅरिअरला 'संन्यासी'ची रेकॉर्ड बांधूनच. पडेगाव तेव्हा औरंगाबाद शहराबाहेरचं, दौलताबादच्या वाटेवरचं गाव होतं. सायकलवरून पाच-सहा मैल आणलेली रेकॉर्ड त्यांनी आधी उजेडाकडे धरून तिरकी केली, ओरखडा नाही याची खात्री केली आणि सदऱ्याच्या टोकानं पुसली. मधल्या गोल कागदावर संगीतकारांचं नाव होतं : शंकर-जयकिशन. मी शाळकरी पोर. विचारलं, "अण्णा, जयकिशन तर गेला ना?" अण्णांनी सुई हलकेच टेकवली. "तू आधी ऐक," एवढंच म्हणाले.

जयकिशनला जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. त्याच्या आधीची काही वर्षं दोघांत धड बोलणंही राहिलं नव्हतं, हे मला पुढे कळलं. तरी नाव दोघांचंच! त्या प्रश्नाचं उत्तर शोधता शोधता माझी अर्धी हयात गेली.

अण्णा शंकरला 'आपल्याकडचा' म्हणत. त्यात तथ्य होतं. शंकरसिंह रघुवंशी लहानाचा मोठा झाला तो हैदराबादेत, आणि १९४८ पर्यंत आमचं औरंगाबादही त्याच निजामी संस्थानात होतं. तालमीत कसलेलं शरीर आणि तबल्यावर तयार झालेला हात, ही त्याची कमाई. 'श्री ४२०'च्या एका गाजलेल्या गाण्याच्या मुखड्यात तेलुगू शब्द आले, त्यामागे हेच हैदराबाद आहे. जयकिशन दयाभाई पांचाळ गुजरातेतल्या वांसद्याचा. तो हार्मोनियम घेऊन मुंबईत आला. एका गुजराती दिग्दर्शकाच्या कचेरीत काम मागायला आलेले हे दोघे बाकड्यावर शेजारी बसले, बोलायला लागले, आणि शंकरनं त्याला पृथ्वी थिएटरमध्ये नेलं. शंकर तबल्यावर, जयकिशन पेटीवर. शंकर सातेक वर्षांनी मोठा, म्हणून त्याचं नाव आधी. जयकिशननं ते बिनतक्रार मानलं.

राज कपूरच्या 'आग'ला (१९४८) राम गांगुलींचं संगीत होतं आणि हे दोघे त्यांचे साहाय्यक. पुढच्याच वर्षी 'बरसात' या जोडीकडे आला. गीतकार शैलेंद्र आणि हसरत जयपुरी, दोघेही नवखे. त्या एका चित्रपटानं हिंदी गाण्याचा नाद बदलला. मोठा वाद्यवृंद, सुरुवातीलाच मनात घर करणारे वाद्यांचे तुकडे, आणि गायकाच्या मागून समांतर चालणारी दुसरी सुरावट. या वाद्यमेळाची बांधणी गोव्याचे सेबॅस्टियन डिसोझा करत. ताल सांभाळायला गोव्यातच जन्मलेले दत्ताराम वाडकर होते. ढोलकीवरच्या त्यांच्या एका ठेक्याला वादक मंडळी आजही 'दत्ताराम ठेका' म्हणतात. १९५७ मध्ये 'अब दिल्ली दूर नहीं'पासून ते स्वतंत्र संगीतकार झाले, पण या दोघांना सोडून गेले नाहीत.

ही गाणी आमच्या पडेगावपर्यंत पोचली ती मात्र सिलोनवरून. १९५२ मध्ये नभोवाणी खातं बाळकृष्ण विश्वनाथ केसकरांकडे आलं. शास्त्रीय संगीताच्या कळवळ्यापोटी या मराठी मंत्र्यांनी आकाशवाणीवरची चित्रपटगीतं जवळजवळ हद्दपार केली. त्याच वर्षाच्या अखेरीस रेडिओ सिलोनवर अमीन सायानींची 'बिनाका गीतमाला' सुरू झाली. दर बुधवारी रात्री आमच्या ओसरीवर रेडिओभोवती शेजारपाजार जमे. खरखरीतून सूर वर यायचा आणि पहिल्या दोन-चार स्वरांतच कुणीतरी म्हणायचं, "हे शंकर-जयकिशनचं." शंकरचं की जयकिशनचं, असं त्या ओसरीवर कुणी कधी विचारलं नाही.

त्या दोघांच्या घरात मात्र वाटण्या होत्या. साधारणपणे शंकरची बैठक शैलेंद्रबरोबर, जयकिशनची हसरतबरोबर. नृत्यगीतं आणि रागदारीचा बाज ही शंकरची बाजू, तर हळवी प्रेमगीतं जयकिशनची. पार्श्वसंगीतात तर जयकिशनचा हातखंडाच होता. अर्थात ही रेघ काही पक्की नव्हती. एकमेकांच्या हद्दीत दोघेही मनसोक्त हिंडत. करार एकच, तोही तोंडी : कुठली चाल कुणाची, हे बाहेर बोलायचं नाही.

श्रेय किती नाजूक वस्तू असते, हे दोघांनी जवळून पाहिलं होतं. 'चोरी चोरी'च्या संगीतासाठी त्यांना पहिला फिल्मफेअर पुरस्कार मिळाला, तेव्हा समारंभात त्यातलं गाणं गायची विनंती घेऊन जयकिशन लता मंगेशकरांकडे गेला. लताबाईंनी नकार दिला. पुरस्कार संगीतकाराला आहे, गायकाला नाही. मग तुमची चाल तुम्ही वाद्यांवरच वाजवा, असं त्यांचं म्हणणं. त्यानंतर लौकरच पार्श्वगायनाचा पुरस्कार सुरू झाला. गाणं अनेकांचं असतं आणि त्यातल्या प्रत्येकाला कधी ना कधी आपलं नाव ऐकावंसं वाटतं.

ती पाळी पुढे जयकिशनवर आली. 'संगम' (१९६४) मधल्या प्रेमपत्राच्या गाण्याची चाल आपली, असं तो जाहीरपणे सांगून बसला. वाक्य साधं होतं, खरंही होतं. पण शब्द मोडला गेला होता. शंकरला ते जिव्हारी लागलं. मग शंकरनं शारदा या नव्या गायिकेला पुढे आणण्याचा आग्रह धरला. 'सूरज'मधलं (१९६६) तिचं फुलपाखराचं गाणं तुफान चाललं, पण त्या आग्रहापायी लताबाई शंकरपासून दुरावल्या. जयकिशनलाही तो हट्ट पटत नव्हता. पुढे पुढे दोघांनी चित्रपटच वाटून घेतले. एक चित्रपट एकाचा, दुसरा दुसऱ्याचा. पाटीवर नाव मात्र दोघांचं.

या काळातलीच एक रेकॉर्ड माझ्याकडे आहे. 'रागा जॅझ स्टाईल', १९६८. अकरा राग, तोडीपासून भैरवीपर्यंत; रईस खानांची सतार आणि भोवती सॅक्सोफोन, ट्रम्पेट, ड्रम. मालकंसातला पहिला स्वर सतारीवर उमटतो, मागून ब्रास भरून येतं, आणि दोन्हीपैकी कुणीही दुसऱ्याला दाबत नाही. घर दुभंगलेलं असतानाचं हे काम, यावर विश्वास बसत नाही.

जगभरच्या जोड्यांना हा शाप आहेच. बीटल्सच्या लेनन आणि मॅकार्टनी यांनी पोरवयातच ठरवलं होतं की गाणं कुणीही करो, नाव दोघांचं. लेननला जाऊन वीसहून अधिक वर्षं लोटल्यावर, २००२ मधल्या एका अल्बमवर मॅकार्टनीनं स्वतःचं नाव आधी घातलं आणि जुनी जखम पुन्हा उघडली.

१२ सप्टेंबर १९७१ रोजी यकृताच्या आजारानं जयकिशन गेला. वय अवघं ४१. चर्चगेटच्या गेलॉर्डमधलं त्याचं नेहमीचं टेबल महिनाभर मेणबत्ती लावून राखून ठेवलं होतं, असं सांगतात. आता शंकरपुढे वाट मोकळी होती. एकट्याचं नाव लावलं असतं तर कुणी बोट दाखवलं नसतं. जयकिशन गेल्यावर 'बेइमान'च्या संगीताला मिळालेला फिल्मफेअर तर पुरता वादात सापडला. 'पाकीझा'च्या दिवंगत गुलाम मोहम्मदांना डावलल्याच्या निषेधार्थ प्राण यांनी 'बेइमान'साठीचा स्वतःचा पुरस्कार नाकारला. राज कपूरनं 'बॉबी'साठी लक्ष्मीकांत-प्यारेलालना बोलावलं. मोठं काम हातातून जात होतं, टीका एकट्या शंकरच्या वाट्याला येत होती. तरी २६ एप्रिल १९८७ ला मरण येईपर्यंत, जवळजवळ सोळा वर्षं, त्यानं प्रत्येक चित्रपटावर 'शंकर-जयकिशन' हेच नाव लावलं. पुढे १९९८ मध्ये लक्ष्मीकांत कुडाळकर गेल्यावर प्यारेलालनीही जोडनाव टाकलं नाही, तेव्हा मला शंकरची आठवण झाली.

काही जण म्हणतात, बाजारात त्या नावाला भाव होता म्हणून. असेलही. पण ज्या नावामागचा शब्द मोडला गेला म्हणून माणूस दुखावला होता, तेच नाव त्यानं आपल्या एकट्याच्या कामावर सोळा वर्षं लावावं, याला नुसता व्यवहार म्हणायला माझं मन धजत नाही. भावकीत बांधावरून भांडणारे भाऊ मी पडेगावात पाहिलेत. एक गेल्यावर दुसरा सातबाऱ्यावर त्याचं नाव तसंच राहू देतो, तेव्हा त्याला काय म्हणायचं असतं ते गावाला न सांगता कळतं.

'संन्यासी'साठी लताबाई शंकरकडे पुन्हा गायल्या. त्या दिवशी अण्णांनी रेकॉर्डची एक बाजू पुरी होऊ दिली, सुई उचलली आणि विचारलं, "कळलं का, जयकिशन गेलाय असं?" मी मान हलवली. नव्हतं कळलं. "शंकरलाही ते कळू द्यायचं नसेल," असं म्हणून त्यांनी बाजू पालटली.

ती रेकॉर्ड अजून चालते. मधला कागद पिवळा पडलाय, अक्षरं पुसट झालीत. दोन नावांमधली छोटी रेघ तेवढी दिसते.