करवंटीचा कोळसा आणि सूर्याची भट्टी

चेन्नईत काय किंवा कोकणात काय, नारळाची करवंटी बहुधा चुलीतच जाते. तिच्याच कोळशावर एका महाप्रयोगाची भिस्त आहे. फ्रान्समध्ये भारताच्या सहभागाने उभारल्या जात असलेल्या ‘ईटर’ प्रकल्पात सूर्याप्रमाणे हायड्रोजनच्या अणुकेंद्रांचे संमीलन घडवायचे आहे. त्यातून हेलियम वायू निर्माण होतो. राख साचली की विस्तव मंदावतो, त्याचप्रमाणे हेलियम साचला की संमीलन मंदावते. तो बाहेर खेचणाऱ्या पंपातील पत्रे सुमारे उणे २६९ अंश सेल्सिअसपर्यंत थंड ठेवतात. बहुतेक वायू त्यांवर गोठतात. हेलियम मात्र गोठत नाही. म्हणून पत्र्यांवर करवंटीच्या कोळशाचा थर देतात. त्याच्या असंख्य सूक्ष्म छिद्रांत हेलियम अडकतो. पत्र्यांची थंडी कमी केली की तो सुटतो आणि पंप पुन्हा कामास सज्ज होतो.